उतरवायचं कसं, हे आधी ठरवा

मांडणशिल्प करायचंय, म्हणजे अख्खी खोलीच कलाकृती म्हणून मांडायचीय, त्यात लोकांसमोर स्वतःच्या शरीराने परफॉर्मन्सही करायचाय, सुरुवात कुठून करू, असं मला तरुण मुलंमुली विचारतात. मी त्यांना उलट विचारते, शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्या खोलीत काय उरणार आहे? बहुतेकांनी तेवढा विचार केलेला नसतो. माझ्या पहिल्या मोठ्या कामाच्या वेळी मीही केला नव्हता.

ते काम पाण्याने लिहिण्याचं होतं. पाटीच्या काळ्या दगडाचे चोवीस चौकोन मी जमिनीवर मांडले होते आणि त्यांवर रुंद कुंचल्याने, साध्या पाण्याने, गेलेल्या आईला पत्रं लिहीत होते. वाक्य पुरं होईपर्यंत त्याचे पहिले शब्द वाळायला लागायचे. रोज सहा तास, असे पाच दिवस. काय लिहायचं, कसं बसायचं, पाणी कुठून आणायचं, सगळं वहीत उतरवलेलं होतं. संपवायचं कसं, तेवढंच नव्हतं. पाचव्या दिवशी सहा वाजता रोजच्यासारखे दिवे गेले तेव्हा मी अर्ध्या वाक्यात होते. अंधारात कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पाच दिवस ज्या शांततेवर ते काम उभं होतं, ती तिथेच फुटली. दिवे घालवणाऱ्याचा दोष नव्हता, टाळ्या वाजवणाऱ्यांचाही नव्हता. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक काम शेवटाकडून सुरू करते. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे.

एक वाक्य

कोरा कागद घ्या आणि त्यावर एकच वाक्य लिहा: शेवटच्या दिवशी इतक्या वाजता हे काम असं असं संपतं. हे वाक्य जमेपर्यंत सामान आणायला जाऊ नका, कारण सामान कोणतं आणायचं ते या वाक्यावरच ठरतं.

चार कलाकारांचे चार शेवट बघा. नलिनी मालानींनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर थेट चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांवर पांढरा रंग फिरला. ती चित्रं पुसली जाणारच होती, आणि हे ठाऊक असल्यामुळेच बघणाऱ्याची नजर त्यांवर वेगळी पडत होती. डोरिस साल्सेदोने २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये जमिनीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली. नंतर ती बुजवली, पण बुजवल्याचा वण जमिनीवर राहिला. फेलिक्स गोन्झालेस-टोरेसच्या १९९१ च्या कामात रंगीत वेष्टनातल्या, खाऊच्या गोळ्यांचा ढीग असतो. त्याचं ठरवून दिलेलं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. बघायला आलेली माणसं एकेक गोळी घेऊन जातात, ढीग झिजत जातो आणि पुन्हा भरता येतो. एड्सने गेलेल्या जोडीदाराचं ते व्यक्तिचित्र आहे, हे कळल्यावर हातातली गोळी जड होते. आणि वॉल्टर डी मारियाने न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या मजल्यावर १९७७ मध्ये भरलेली माती आजही तिथेच आहे. तिला पाणी घालतात, दंताळ्याने सारखी करतात, उगवलेलं काढून टाकतात. ते काम संपतच नाही, त्यामुळे कुणीतरी ते सतत राखावं लागतं.

तुमचं काम यातलं कुठलं? पुसलं जाणार असेल तर भिंतीवर पर्मनंट मार्कर वापरू नका, त्याची शाई पांढऱ्या रंगाच्या दोन हातांतूनही वर येते. कोळसा वापरा. लोकांनी घेऊन जायचं असेल तर एकही वस्तू चिकटवू नका, आणि ती एका हाताने उचलता यायला हवी. राखायचं असेल तर राखणार कोण, हे त्या माणसाला आज विचारा.

परफॉर्मन्सचा शेवट वेगळ्या तऱ्हेने ठरवावा लागतो. घड्याळावर संपवता येतो, वस्तू संपली की संपवता येतो, शरीर थकलं की किंवा बघणाऱ्याच्या एखाद्या कृतीवरही. मरिना अब्रामोविचने १९७४ मध्ये नेपल्समध्ये बहात्तर वस्तू टेबलावर मांडल्या, त्यात गुलाब आणि मध होता तसं पिस्तूल आणि त्याची एक गोळीही होती, आणि लोकांना त्या आपल्यावर हव्या तशा वापरू दिल्या. तिथे वेळ आधीच ठरलेली होती, सहा तास. ती मर्यादा नसती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. अॅलन कॅप्रोने १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जे ‘हॅपनिंग’, म्हणजे प्रेक्षकांनाही सामील करून घेणारा प्रयोग, केलं, त्यात प्रेक्षकांना लेखी सूचना होत्या: कुठे बसायचं, केव्हा जागा बदलायची, आणि टाळ्या वाजवायच्याच असतील तर सहाव्या भागानंतर. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं.

मी पाण्याचं काम पुन्हा केलं तेव्हा घड्याळ काढून टाकलं. सहा तासांत चार लिटर पाणी लागतं हे मोजून ठेवलं होतं. रोज सकाळी पितळेच्या भांड्यात चार लिटर भरायचं, भांडं रिकामं झालं की कुंचला त्यात उभा ठेवायचा आणि उठून खोलीबाहेर जायचं. दिवे तसेच राहणार. शेवटचं वाक्य वाळेपर्यंत लोकांनी थांबावं किंवा निघावं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. एक बाई भिंतीला टेकून शेवटचा शब्द जाईपर्यंत उभ्या होत्या, असं मला नंतर कळलं.

खोलीशी ओळख

खोली मोजायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, पण लगेच काढू नका. आधी तिथे एक अख्खा दिवस बसा. ऊन कुठून कुठे सरकतं, कुठला पंखा घरघरतो, बाहेरचा आवाज केव्हा आत येतो, दार उघडल्यावर वारा कुठवर पोचतो, हे तासातासाला लिहून ठेवा. मग मोजा: लांबी, रुंदी, उंची, खांब, स्विचबोर्ड, प्लग पॉइंट. आणि दार. दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं आतलं माप मोजायला नवखा माणूस हमखास विसरतो, आणि मग आठ फुटी चौकट खाली रस्त्यावर उभी राहते.

घरी, अंगणात, गच्चीवर, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे मास्किंग टेपने त्या खोलीचा खराखुरा, पूर्ण मापाचा नकाशा आखा आणि त्यात चाला. कागदावर ऐसपैस वाटलेली वाट पायाला अरुंद लागते.

वजनाचा हिशेब टाळू नका. डी मारियाच्या त्या मातीचं उदाहरण घ्या: ३,६०० चौरस फूट जागा, २२ इंच थर, वजन २,८०,००० पौंड. म्हणजे सव्वाशे टनांहून जास्त, दर चौरस मीटरला साधारण ३८० किलो, आणि तेही खालच्या मजल्याच्या डोक्यावर. माझे पाटीचे दगड ६० बाय ६० सेंटिमीटरचे, एकेक वीसेक किलोचा. चोवीस दगडांचे जवळजवळ पाचशे किलो झाले. ते जमिनीवर पसरलेले होते म्हणून चाललं. तेच एका कोपऱ्यात रचून ठेवायचे असते तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय मी हात लावला नसता. पाणी, वाळू, माती, पुस्तकं, ही चारही दिसतात त्यापेक्षा फार जड असतात.

टांगणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अपघात इथेच होतात.

फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका, कागदाची पताकासुद्धा नको. वरच्या खऱ्या स्लॅबला किंवा तुळईला ड्रिल करून फास्टनर बसवा. माणसांच्या डोक्यावर येणाऱ्या प्रत्येक जड वस्तूला दोन स्वतंत्र आधार हवेत, म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरेल. दोन्ही दोऱ्या एकाच हुकाला बांधल्या तर तो एकच आधार झाला, हे लक्षात ठेवा. टांगल्यावर दुप्पट वजन लावून एक रात्र जाऊ द्या. त्या रात्री खाली कुणी जाणार नाही याची सोय करा.

हलक्या वस्तूंसाठी सगळे तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची पारदर्शक दोरी, वापरतात. तंगूस गुळगुळीत असते, साधी गाठ तिच्यावरून अलगद सरकते आणि वस्तू दोन दिवसांनी पडते. म्हणून असं करा: टोक कडीतून ओवा, मूळ दोरीभोवती पाच पीळ द्या, मग ते टोक कडीजवळच्या पहिल्या फासातून परत ओवा. आता गाठ ओली करा, थुंकी लावली तरी चालते. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होते. हळू ओढा. पीळ एकमेकांना चिकटून बसताना बोटाला कळतं. टोक बोटभर सोडून कापा. अजून एक गोष्ट: सतत वजन राहिलं की तंगूस ताणत जाते. आज एका रेषेत टांगलेल्या पन्नास वस्तू उद्या एका रेषेत नसतील. म्हणून उद्घाटनाच्या आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी टांगा, आणि उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शिडी, ओळंबा घेऊन पुन्हा सारखं करा.

तंगूस दिसत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. बाजूने दिवा पडला की ती काचेच्या रेषेसारखी चमकते. ती दिसू द्यायची की नाही हे दिवा लावून बघून ठरवा.

विजेबद्दल थोडक्यात: एका बोर्डातून दुसरा एक्स्टेंशन बोर्ड जोडू नका, वायर चालायच्या वाटेवर सोडू नका, पाणी आणि प्रोजेक्टर एका खोलीत असतील तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, कुठे आहे हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

बघणाऱ्याची वाट

चित्रासमोर माणूस उभा राहतो. मांडणशिल्पात तो आत शिरतो, त्यामुळे त्याचं शरीरही तुमच्या कामात आलेलं असतं. त्याने काय करावं हे पाटी लावून सांगण्याआधी मांडणीतून सांगता येतं का, हे बघा. ओलाफुर एलियासनने २००३ मध्ये टर्बाइन हॉलमध्ये धुकं, छतावर आरसे आणि शेदोनशे पिवळ्या दिव्यांच्या अर्धवर्तुळातून एक सूर्य उभा केला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लोक जमिनीवर उताणे पडून वर आरशात स्वतःला शोधत राहिले. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण तिथे आमंत्रण छतानेच दिलं होतं.

उलटही होतं. त्याच हॉलमध्ये २०१० मध्ये आय वेवेने पोर्सेलीनच्या हाताने रंगवलेल्या दहा कोटी सूर्यफूलबिया पसरल्या. लोकांनी त्यांवरून चालावं असा बेत होता. पण पायांखाली घासून चिनीमातीची धूळ उडायला लागली आणि काही दिवसांतच त्यावर चालणं बंद करावं लागलं. तुमची वस्तू हजार पायांखाली, हजार हातांत काय करते हे आधी तपासा. दहा मित्रांना बोलवा, प्रत्येकाला शंभरदा हाताळू द्या. माझ्या दगडांवर बोटांच्या तेलाचे डाग पडतात आणि पाणी तिथे धरत नाही, हे मला अशाच एका दुपारी कळलं.

चालायची वाट किमान ९० सेंटिमीटर ठेवा, चाकाची खुर्ची वळायची असेल तिथे दीड मीटर. ओली जागा आणि वाट यांत कोरडा पट्टा हवाच. आणि उंबऱ्यापाशी बारकाईने बघा. पहिल्या दिवशी माझ्याकडे लोक दारातच थबकत होते, काळी जमीन बघून आत यायचं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एक दगड उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला आणि सकाळचं पहिलं वाक्य तिथे लिहिलं. लोक ते वाचायला वाकायचे, ते वाळायला लागलं की पुढचं वाचायला आपोआप आत यायचे.

स्वतःचं शरीर

परफॉर्मन्स म्हणजे नाटक नाही. तुम्ही थकल्याचं दाखवत नसता, खरंच थकत असता. म्हणून तालीम संवादांची नाही, तासांची करा. आधी एक तास, चार दिवसांनी तीन, मग पूर्ण वेळ, त्याच जमिनीवर, त्याच कपड्यांत. मला दुसऱ्या तासात गुडघ्यांनी सांगितलं की मी चुकीची बसले आहे. प्रत्येक दगडाला पाय बदलायचा, गुडघ्याखाली चार घड्यांचं सुती कापड, हे तालमीतच सापडलं. लघवीला केव्हा जायचं हेही ठरवा. मधे उठणार असाल तर उठणं कामात धरा, चोरून उठू नका.

खोलीत तुमचा एक माणूस हवा. तो मदतनीस म्हणून ओळखू येऊ नये, पण त्याची नजर सतत तुमच्यावर असावी. त्याच्याशी एक खूण ठरवा. माझी खूण म्हणजे कुंचला दगडावर आडवा ठेवणं. ती दिसली की त्याने काही न विचारता थांबवायचं. आणि खूण न देताही थांबवायचा अधिकार त्याला द्या, कारण सहाव्या तासाला आपला निर्णय शहाणा असेलच असं नाही. लोकांनी तुम्हाला हात लावायचा असेल तर कुठवर, हेही आधीच. योको ओनोने १९६४ मध्ये क्योटोला लोकांच्या हाती कात्री दिली, ती बसून राहिली आणि लोक तिचे कपडे कापत गेले. ते धाडस मोठं होतं, पण धाडसाची हद्द तुमची तुम्ही ठरवायची असते, गर्दीवर सोडायची नसते. इजा करून घेणं म्हणजे सखोल काम, हा समज मी माझ्या विद्यार्थ्यांकडून पहिल्याच दिवशी काढून घेते.

कागद

काम संपल्यावर जे उरतं त्यातला सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे कागद. सोल लेविटची भित्तिचित्रं त्याने लिहिलेल्या सूचनांवरून दुसरी माणसं आजही काढतात. टिनो सेहगल याच्या अगदी विरुद्ध टोकाला: त्याच्या कामाची छायाचित्रं नाहीत, लेखी सूचना नाहीत, विक्रीसुद्धा तोंडी करारावर. दोन्ही रस्ते मला मान्य आहेत, पण दुसरा निवडायचा तर ठरवून निवडा. टेचिंग शे याने १९८० ते ८१ असं वर्षभर दर तासाला टाइम क्लॉकवर, म्हणजे कामगारांची हजेरी नोंदणाऱ्या घड्याळावर, कार्ड पंच केलं, आणि दर वेळी फिल्मची एक चौकट घेतली. सुरुवातीला डोकं भादरलेलं होतं, म्हणून वाढत्या केसांतून वर्ष दिसतं. ८,७६० पैकी १३३ वेळा पंच चुकले, आणि तेही नोंदलेले आहेत. अशी नोंद कामापासून वेगळी काढता येत नाही.

तुमच्या कागदावर अनोळखी माणसाने वाचून काम पुन्हा उभं करावं इतकं लिहा. मापं लिहा, पण जिथे माप फसतं तिथे काय दिसायला हवं ते लिहा. माझ्या पहिल्या कागदावर होतं, “वाक्य चार मिनिटांत वाळावं.” दुसऱ्या ठिकाणी पंख्याखाली ते दोन मिनिटांत गेलं, पावसाळी दिवशी अकरा मिनिटं बसून राहिलं. आता कागदावर असं आहे: “वाक्याचा शेवटचा शब्द लिहिताना पहिला शब्द निम्मा गेलेला असावा. जास्त गेला तर पंखा कमी करावा. गेला नसेल तर कुंचला अधिक निथळून घ्यावा.” एवढं वाचून एका मुलीने, मी तिथे नसताना, ते काम बरोबर उभं केलं.

छायाचित्रं काढणाऱ्याला एक गोष्ट सांगा: रोज ठरलेल्या वेळी, जमिनीवर खूण केलेल्या एकाच जागेवरून एक फोटो. बाकीचे त्याला हवे तसे.

उतरवताना

उतरवायला उभं करण्याच्या निम्मा वेळ धरा, माणसं मात्र उभं करताना होती तेवढीच ठेवा. शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात, आणि शिडीवरून पडण्याचा दिवस तोच. आधी वीज काढा, मग डोक्यावरचं, मग भिंतीवरचं, शेवटी जमिनीवरचं. प्रत्येक वस्तू कागदावरच्या क्रमांकाने गुंडाळा, स्क्रू आणि कड्या त्याच पुडीत. भोकं पुट्टीने भरा, वाळू द्या, पॉलिश पेपर फिरवा, रंगाचा हात द्या. खोली मिळाली तशी परत करायची.

माझे दगड उचलले तेव्हा प्रत्येकाखाली जमीन बाजूच्यापेक्षा थोडी फिकट निघाली, चोवीस चौकोन. पुसून गेले नाहीत, आठवड्याने आपोआप गेले असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या वेळी छायाचित्रकार निघून गेला होता. म्हणून फोटोच्या जागेची जमिनीवरची ती टेपची खूण शेवटपर्यंत काढू नका. खोली पूर्ण रिकामी झाली, झाडून झाली, की तिथे उभं राहून अजून एक फोटो घ्या आणि मगच टेप उचला.